गुहागरच्या पाटातल्या जुन्या घराचा इतिहास: कागद, चिरा आणि लाकूड यांचा मेळ कसा घालायचा

प्रश्न थोडक्यात असा: गुहागरच्या वरच्या पाटात (पाट म्हणजे रस्त्याकडेची लांब वस्ती) चौपाखी, म्हणजे चार उतारांचं, कौलारू घर आहे. घरातली मंडळी ते ‘दोनशे वर्षांचं’ असल्याचं सांगतात. गणेशपट्टीवर, म्हणजे दारावरच्या आडव्या लाकडी पट्टीवर, शके कोरलेला आहे, पण चार आकड्यांतला तिसरा आकडा झिजला आहे. हाताशी सातबारा, घरपट्टीच्या पावत्या आणि मोडीतले दोन कागद आहेत. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी घराचा खरा इतिहास लिहून काढायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. कोकणातल्या घराला एकच वय नसतं. जागा एका काळातली, जोतं दुसऱ्या, खांब-तुळया तिसऱ्या आणि छप्पर चौथ्या काळातलं असतं. पडवी बहुधा या सगळ्यांच्या नंतरची असते. ‘दोनशे वर्षं’ हे जागेबद्दल खरं असू शकतं आणि डोक्यावरचं आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) तरीही नव्वद वर्षांचं असू शकतं. त्यामुळे ‘घर कधीचं?’ असं एकदम विचारू नका, ‘हा भाग कधीचा?’ असं विचारत चला. असं केलं की एकमेकांशी भांडणारे पुरावे आपापल्या जागी बसतात.

दुसरी गोष्ट, क्रम चुकवू नका. आधी घराचं मोजमाप आणि फोटो, मग कागद, आणि गिलावा खरवडणं, कौलं उतरवणं सगळ्यात शेवटी. गवंडी एका दिवसात जो पुरावा पाडून टाकतो तो पुन्हा मिळत नाही.

आधी घर मोजा

तीस मीटरची टेप, वही आणि दोन माणसं एवढं पुरतं. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर ती खोली नंतर जोडलेली असण्याची शक्यता धरा. प्रत्येक दारापाशी भिंतीची जाडी लिहा. मूळ घराच्या भिंती साधारण एकाच जाडीच्या असतात, दीड ते अडीच फूट. ओटीची भिंत दोन फूट आणि स्वयंपाकघराची सव्वा फूट निघाली, तर दोन कामं वेगवेगळ्या वेळची आहेत असं समजून पुढे तपासा.

दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा नीट पाहा. चिरे एकमेकांत गुंतवत वर नेले असतील तर दोन्ही भिंती एकाच वेळी उभ्या राहिल्या. खालपासून वरपर्यंत सरळ उभा सांधा दिसला, तर एक भिंत दुसरीला नंतर येऊन टेकली आहे. बाहेरून गिलावा असेल तर हा सांधा पावसाळ्यानंतर उभ्या बारीक भेगेच्या रूपात दिसतो. माजघर आणि पडवी यांच्यामध्ये तो अनेक घरांत सापडतो, कारण पडव्या वारंवार वाढवल्या गेल्या.

चिराही बोलतो. हाताने तासलेल्या जांभ्यावर हत्याराचे तिरके, असमान घाव असतात आणि दोन चिऱ्यांची मापं तंतोतंत जुळत नाहीत. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या समांतर, वळणदार रेघा असतात आणि मापं एकसारखी असतात. यंत्राचा चिरा दिसला की ते काम अलीकडच्या काही दशकांतलं. जोत्याला घडीव मोठे चिरे आणि वर भिंतीला लहान ओबडधोबड दगड असतील, तर जुन्या जोत्यावर नवं घर उभं राहिलं असण्याचा संशय घ्या. आगीनंतर किंवा वाटणीनंतर असं बऱ्याचदा होई, कारण घडीव जोतं मोडून टाकणं कोणालाच परवडत नसे.

सांध्यातला माल पाहा. माती, चुना, सिमेंट हे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. किनाऱ्यावरचा जुना चुना शिंपल्यांचा असतो आणि त्यात न भाजलेल्या शिंपल्यांचे पांढरे तुकडे दिसतात. लिंबाचा रस टाकल्यावर फेस आला तर चुना आहे एवढंच कळतं. जुनं सिमेंटही थोडं फेसाळतं, त्यामुळे या एकाच चाचणीवर विसंबू नका. खिळ्याने ओरखडा काढा. चुना उगाळला जातो, सिमेंट करडं राहतं आणि खिळा घसरतो. हिंदुस्थानात पोर्टलंड सिमेंटचं उत्पादन खऱ्या अर्थाने १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं आणि खेड्यातल्या घरबांधणीत ते रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. म्हणून सिमेंटचा सांधा किंवा सिमेंटची फरशी दिसली की ते काम विसाव्या शतकातलं धरायला हरकत नाही. मात्र जुन्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा भिंतीचं वय सांगत नाही, फक्त गिलाव्याचं सांगतो. उलट तो जांभ्यातली ओल आत कोंडतो, म्हणून दुरुस्तीच्या यादीत त्याची वेगळी नोंद ठेवा.

लाकूड

तुळया, खांब, सर, वासे आणि चौकटी यांचं लाकूड एकाच जातीचं आहे का ते एखाद्या वयस्कर सुताराकडून पाहून घ्या. साग, फणस, ऐन, किंजळ, शिसव ही नावं तो हात फिरवून सांगेल. साग आणि फणस माजघरात आणि ऐन-किंजळ पडवीत असेल तर त्याला पैशांचंही कारण असू शकतं, ते काळाचंच असेल असं नाही.

लाकडातले रिकामे खाचे हा फार मोलाचा पुरावा असतो. तुळईवर काही जोडलेलं नसताना खाच, कुसू (सांध्यात शिरणारं लाकडाचं टोक) बसवायचं भोक किंवा लाकडी खुंटीचं भोक दिसलं, तर ते लाकूड आधी दुसऱ्या जागी होतं. कोकणात जुनं घर उतरवून लाकूड विकण्याची रीत जुनी आहे आणि बंदरातून बंदरात लाकूड गलबताने जाई. अशी तुळई घरापेक्षा पन्नास वर्षांनी मोठी असू शकते. सांध्याजवळ सुताराने कोरलेल्या आकड्यांच्या खुणा असतात. त्या क्रमाने जुळत असतील तर तो सांगाडा एकाच वेळी बेतलेला आहे. मधलाच आकडा गायब असेल किंवा दोनदा आला असेल, तर तिथे बदल झाला आहे.

खिळेही पाहा. हाताने घडवलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता, डोकं वेडंवाकडं. तारेचा गोल खिळा यंत्राचा, तो मुख्यतः विसाव्या शतकातल्या कामात सापडतो. दारं-खिडक्या नंतर बदलता येतात, म्हणून चौकटीच्या खिळ्यावरून सांगाड्याचं वय ठरवू नका. आढ्याजवळचा, कोणी हात न लावलेला खिळा शोधा.

कार्बन पद्धतीने वय काढून देतो असं कोणी सांगितलं तर पैसे घालवू नका. साधारण १६५० नंतरच्या लाकडाचं नेमकं वर्ष त्या पद्धतीने निघत नाही. शिवाय ते लाकूड वाढल्याचं वर्ष देतं, तासल्याचं नव्हे, आणि जुन्या सागाच्या गाभ्यात हा फरक मोठा असतो.

छप्पर आणि कौलांवरचं १८६५

छपराबाबत सगळ्यात जास्त गैरसमज होतात. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव आणि पुष्कळदा एक वर्ष असतं. ‘१८६५’ वाचून घर १८६५ चं असं ठरवलं जातं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि ते वर्ष कारखान्याच्या स्थापनेचं असून पुढे कित्येक दशकं तेच ठशात राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, या जर्मन-स्विस मिशनचा व्यवसाय कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. म्हणून ‘कॉमनवेल्थ’ हे नाव असलेलं कौल १९१९ नंतरचं. ‘बासेल मिशन’ हे नाव असलेलं त्याआधीचं असण्याची शक्यता जास्त, पण जुना साठा आणि उतरवलेली कौलं पुन्हा वापरली जात. १८६८ पासून आल्बुकर्कसारखे इतर कारखानेही सुरू झाले, म्हणून ठसा पूर्ण वाचा, अर्धा नको.

माकडं आणि वादळं यांच्यामुळे दरवर्षी पाच-पंचवीस कौलं बदलतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत तर सरसकट नवी कौलं चढली. त्यामुळे एका कौलावरून काही ठरत नाही. छपराच्या चारही पाख्यांतून, आढ्याच्या खालून आणि पागोळीच्या वरून मिळून वीस-पंचवीस कौलं उचलून ठशांची यादी करा. आढ्याजवळची सहसा कमी बदललेली असतात. मंगलोरी कौल साधारण सोळा इंच लांब आणि साडेनऊ इंच रुंद असतं, शंभर चौरस फुटांना साधारण १४० ते १५० लागतात आणि रिपा साधारण साडेबारा इंचांवर ठोकलेल्या असतात.

त्याआधी छपरावर गवत, झापं किंवा नळीची देशी कौलं असत आणि त्यांच्याखाली दाट बांबू किंवा पोफळीच्या रिपा असत. मंगलोरी कौलं चढवताना रिपा नव्या ठोकल्या जात आणि कित्येकदा उतारही बदलला जाई. त्याची खूण दोन ठिकाणी सापडते: तुळयांच्या डोक्यावर जुन्या वाशांच्या रिकाम्या खाचा आणि माळ्यावरच्या भिंतीवर जुन्या उताराची तिरकी रेघ. ही रेघ दिसली तर कोन मोजून ठेवा. किनाऱ्यावर मंगलोरी कौलं येण्यात समुद्रमार्गे होणाऱ्या वाहतुकीचा मोठा हात होता, म्हणून बंदराजवळच्या गावांत ती आतल्या गावांपेक्षा आधी दिसतात.

फरशी, रंगीत काच आणि लोखंडी गज यांना फार वेळ देऊ नका, ते सहज बदलतात. नक्षीदार सिमेंटच्या फरश्या असतील तर मागचा ठसा पाहा. मुंबईची भारत फ्लोरिंग्ज १९२२ मध्ये सुरू झाली, म्हणजे त्या ठशाची फरशी त्याआधीची नसणार. पडवीच्या छपराला लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या बाजूवर उठावाने नाव असतं. टाटांचं पोलाद १९१२ पासूनचं आहे.

गणेशपट्टीवरचा झिजलेला आकडा

शक आणि संवत्सर दोन्ही कोरलेले असतील तर काम पुष्कळ सोपं होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीला ७९ मिळवा. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं. शके १७८९ आणि शके १८४९ प्रभव, म्हणजे चक्रातलं पहिलं संवत्सर, तिथून पुढे मोजत जा. शके १८०१ प्रमाथी, १८११ विरोधी, १८२१ विकारी, १८३१ सौम्य, १८४१ सिद्धार्थी. आकडा ‘१८_१’ असा झिजला असेल आणि पुढे ‘सौम्य’ वाचता येत असेल, तर शके १८३१, म्हणजे १९०९-१०, हे जवळजवळ नक्की.

पण एक सापळा आहे. साठ वर्षांनी तेच नाव परत येतं, म्हणून शके १८०१ आणि १८६१ दोन्ही प्रमाथी, एक १८७९-८० आणि दुसरं १९३९-४०. कोरीव ० आणि ६ झिजल्यावर एकमेकांसारखे दिसू शकतात. तिथे संवत्सर मदत करत नाही, चौकटीचे खिळे आणि कारागिरी पाहूनच ठरवावं लागतं. आकडा वाचताना पट्टी घासू नका, तेल लावू नका. अंधारात एका बाजूने टॉर्चचा आडवा उजेड टाका आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. खाच उथळ असली तरी सावलीत उठून दिसते.

आणि गणेशपट्टी मुळात याच दाराची आहे ना, हे तपासा. पट्टीची लांबी आणि चौकटीची रुंदी जुळत नसेल, बाजूला लाकडाची पाचर ठोकलेली असेल किंवा पट्टीचं लाकूड चौकटीपेक्षा वेगळं असेल, तर ती जुन्या दारावरून काढून लावलेली आहे. तरीही तिचं मोल आहे, कारण ती जुन्या घराचं वर्ष सांगते.

कागद: कुठला कुठे मिळतो

आधी सातबारा. कोकणात बरीच घरं एकवट गावठाणात नसून वाडीत, शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात असतात. पाटातली घरं रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेली आणि मागे माड-पोफळीची वाडी, म्हणून घराचा इतिहास जमिनीच्या कागदांत दडलेला असतो. संगणकीकृत सातबारा ताज्या स्थितीपुरता असतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित जुने सातबारे मागवा. मालकाच्या नावाशेजारी वर्तुळात जो क्रमांक असतो तो फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा. तो धरून फेरफार (गाव नमुना ६) मागवायचा, त्यात आधीच्या फेरफाराचा धागा मिळतो, आणि असं मागे मागे जायचं. वारस प्रकरणं ६ क मध्ये असतात. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे या साखळीचं मागचं टोक साधारण तिथे थांबतं. फेरफाराची तारीख म्हणजे नोंदीची तारीख, घटनेची नव्हे. आजोबा वारले १९२८ ला आणि नोंद झाली १९३६ ला, हे नेहमीचं आहे.

नावांपुढची संक्षिप्त अक्षरं सोडू नका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे घरात आणखी भाऊ होते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे त्या वर्षी मालक अठराच्या आतला होता. घराण्याची वंशावळ जुळवताना हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

मग तालुक्याचं भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालय. तिथून कडईपत्रक, फाळणी, टिपण, गुणाकार बुक आणि आकारबंद मागवा. कडईपत्रकात हक्कनोंद सुरू झाली त्या काळातले खातेदार आणि हिस्से दिसतात. फाळणीच्या नकाशावर विहीर, वाट, गडगा, कधी घरही दाखवलेलं असतं. मापं गुंठे आणि आण्यांत असतील: एक गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि गुंठ्याचे सोळा आणे. आजच्या हेक्टर-आरशी जुळवताना एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘जमीन वाढली’ असा भ्रम होतो. स्कॅन केलेले जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही भागांसाठी मिळतात, आधी तिथे पाहून घ्या, फेरी वाचते.

गुहागरबद्दल खास: जुन्या कागदांवर ते चिपळूण तालुक्याचा पेटा म्हणून येतं. म्हणून शोध गुहागरपुरता ठेवू नका, चिपळूणच्या कार्यालयातही अर्ज करा. अर्जात गाव, पेटा, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि ‘हक्कनोंद सुरू झाल्यापासूनचे सर्व’ असं स्पष्ट लिहा. ‘जुने कागद’ एवढंच लिहिलं तर ‘आढळून येत नाही’ असा शेरा परत येतो. उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज आहेच, त्याची मुदत ३० दिवसांची.

घर भूमापन हद्दीत असेल तर मिळकत पत्रिकेवर थांबू नका. तिच्या आधीची चौकशी नोंदवही मागवा. भूमापनाच्या वेळी कोणी हक्क सांगितला, कशाच्या आधारे सांगितला आणि शेजाऱ्यांनी काय म्हटलं, हे तिथे असतं. शहरी भागातल्या घरांसाठी यापेक्षा बोलका सरकारी कागद सहसा मिळत नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही. त्यात घराचं वर्णन (‘कौलारू’, ‘दगड-माती’, ‘दगड-चुना’), क्षेत्रफळ आणि आकारणी असते. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, म्हणून सगळ्या फेऱ्या ओळीने पाहा. एका फेरीत क्षेत्रफळ ९०० चौरस फूट आणि पुढच्या फेरीत १२५० झालं, तर त्या चार वर्षांत पडवी किंवा पाठीमागची खोली वाढली. तुमच्या मोजमापाच्या नकाशावर हा साडेतीनशे फुटांचा फरक कुठे बसतो ते शोधा. एक मात्र खरं, हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही.

आता नोंदणीकृत दस्त. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक १ नावाने आणि सूची क्रमांक २ मिळकतीने शोधता येते. खरेदीखत, वाटपपत्र, दानपत्र, मृत्युपत्र सगळं शोधा, पण सर्वात जास्त लक्ष गहाणखतावर द्या. पैसे देणारा सावकार घराचं वर्णन बारकाईने लिहून घेत असे: किती खणांचं, माळा आहे का, कौलारू की शाकारणीचं (गवताने शाकारलेलं), विहीर सामाईक की स्वतंत्र. एका खतात ‘गवती’ आणि पुढच्या खतात ‘कौलारू’ दिसलं की छपराचा काळ दोन वर्षांच्या मध्ये पकडता येतो. ‘सात खणी घर’ लिहिलं असेल तर खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत खण मोजा आणि आजच्या घरात ते सात बसतात का पाहा. मात्र लिहिणारे कारकून पुष्कळदा मागच्या खतातला मजकूर जसाच्या तसा उतरवत. सलग तीन खतांत एकच वर्णन असेल तर ते पहिल्या खताच्या वर्षाचं माना.

मोडीतले कागद आणि त्याआधीचा काळ

तुमच्याकडचे दोन कागद जाणकाराकडून अक्षरशः लिप्यंतर करून घ्या, सारांश नको. ‘चतुःसीमा’ हा त्यातला सर्वात महत्त्वाचा भाग. सर्व्हे नंबर नसताना जागा ओळखायची ती पूर्वेस अमुकाचं घर, पश्चिमेस समुद्राकडची वाडी, दक्षिणेस पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) अशा सीमांवरूनच. त्या शेजाऱ्यांची आडनावं कडईपत्रकातल्या शेजारच्या हिश्शांशी जुळली, तर कागद याच जागेचा. जुळली नाहीत तर कागद घराण्याचा असला तरी या घराचा नाही. ही तपासणी न केल्यामुळे कित्येक घराण्यांनी दुसऱ्याच ठिकाणाची सनद आपल्या घराच्या नावावर छापून ठेवली आहे.

तारखा नीट उलगडा. ‘छ’ नंतर येणारा आकडा हिजरी चांद्रमासाची तारीख असतो. सुहूर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या (जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या) तारखेला ६००. फसलीत ५९०, आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१. राज्याभिषेक शकात १६७३ मिळवले की वर्ष सुरू होतानाचा इसवी सन मिळतो. एकाच कागदावर दोन कालगणना असतील तर दोन्ही स्वतंत्रपणे काढून पडताळा.

त्यानंतर प्रश्न येतो तो त्या काळी राज्य कोणाचं होतं याचा, कारण दप्तर राज्यामागे जातं. गुहागर पेशवाईत होतं आणि १८१८ ला इंग्रजांकडे गेलं, म्हणून आधीचा शोध पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरात. मालवण १८१२ लाच कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेलं होतं. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूचं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झालं. श्रीवर्धन आणि मुरुड जंजिरा संस्थानात, सावंतवाडी आपल्या संस्थानात, आणि दोन्ही १९४८ ला विलीन झाली. तिथल्या घरांचे १९४८ पर्यंतचे कागद म्हणूनच रत्नागिरीच्या पद्धतीने शोधले तर सापडत नाहीत. इनाम जमीन असेल तर १८५२ च्या कायद्याखालच्या इनाम कमिशनच्या चौकशा पाहा. त्यांत घराण्याच्या दोन-तीन पिढ्या एका जबानीत मिळून जातात.

गाव खोती असेल, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताकडे असेल, तर बोटखत मागवा. १८८० च्या खोती कायद्याखाली तयार झालेल्या या नोंदीत जमीन, कसणारा आणि देणं सगळं येतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. कुणबी, भंडारी, गाबीत, दालदी अशा घरांच्या बाबतीत जुन्या कागदात मालक म्हणून खोताचं किंवा दुसऱ्याचंच नाव असतं. खोती संपवणारा कायदा १९४९ चा आणि कुळकायद्याचा कृषकदिन (कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचा दिवस) १ एप्रिल १९५७ चा, त्यानंतरच त्यांची नावं वर आली. ‘यांचं घर १९५७ चं’ असं त्यावरून लिहिणं हा अन्याय आहे. अशा घरांचं जुनेपण बोटखतातल्या कुळाच्या रकान्यात, सातबाऱ्याच्या इतर हक्कात, गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शोधावं लागतं, आणि ते सापडतं.

घराण्याचा कुलवृत्तांत (घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक) असेल तर वंशावळीसाठी घ्या, घराच्या वर्षासाठी नको. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही वंशावळीला चांगल्या, कारण यात्रेला गेलेल्याने स्वतः सही करून गाव आणि मुलांची नावं लिहिलेली असतात.

माणसांना विचारताना

‘कोणत्या साली?’ असं विचारलं की माणूस अंदाज सांगतो आणि पुढे त्याला चिकटून राहतो. आधी-नंतर विचारा. रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७) तेव्हा पडवी होती का? कोयनेच्या भूकंपाने (११ डिसेंबर १९६७) कुठली भिंत फाटली? गिरणी संपानंतर (१९८२) मुंबईहून परत आलेल्या काकांनी कुठल्या खोलीत संसार मांडला? बायकांना आवर्जून विचारा. चूल कुठे होती, ती कधी हलली, बाळंतिणीची खोली कुठली, हे त्यांनाच नेमकं आठवतं, आणि वाटणी कधी झाली याचा खरा पुरावा दुसरी चूल असते. वाटपपत्र नंतर कित्येक वर्षांनी होतं.

लिहायचं कसं

एक तक्ता करा, चार रकाने: वर्ष किंवा वर्षांची मर्यादा, घराचा भाग, पुरावा, आणि भरवसा. भरवशासाठी तीनच शब्द ठेवा: नक्की, बहुधा, ऐकीव. ‘जोतं: १८७९ पूर्वी, बहुधा, चतुःसीमेवरून’, ‘मंगलोरी छप्पर: १९१९ नंतर, नक्की, पंचवीसपैकी अठरा कौलांच्या ठशांवरून’ अशा ओळी होतील. एकाही ओळीत दोन भाग घालू नका. ऐकीव माहिती गाळू नका, फक्त तिला नक्की म्हणू नका. पुढे घराचा भाग पाहुण्यांना राहायला द्यायचा विचार असेल, तर दारावरच्या पाटीवर नक्की असलेलंच वर्ष लिहा. १९०९ चं प्रामाणिक घर ही कोकणात अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे, त्याला शंभर वर्षं चिकटवण्याची गरज नाही.

मोडीचे कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक कागदाला कायमचं धरतात, नंतर कोणत्याही तज्ज्ञाला तो सोडवता येत नाही. सपाट ठेवून ६०० डीपीआयने स्कॅन करा, पाठीमागची कोरी बाजूही करा, कारण शिक्का किंवा मुद्रांकाचं वर्ष कित्येकदा तिथेच असतं. मूळ कागद धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात, घडी न घालता गुंडाळा; पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकू नका, माजघरात भिंतीपासून दूर ठेवा, आणि दर पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी उघडून कसर लागली आहे का ते पाहा.